बेटावर मारलेली हाक

“बेटावर लेकीला नावानं हाक मारायची नाही, पोरी. टाळी वाजवायची. तिथं ऐकणारे पुष्कळ आहेत,” होडी सोडताना नावाडी हादीकाका म्हणाले होते. मी हसले. औषधशास्त्र शिकलेली बाई मी. हवारिया गावच्या कोळ्यांच्या असल्या गोष्टींना काय भीक घालणार?

शिवाय माझं सगळं लक्ष दोरसाफकडे होतं. ही माझी नणंद. समुद्रपक्ष्यांच्या पायांत खुणेची कडी अडकवायचं तिचं काम, म्हणून आम्हालाही त्या ओसाड बेटावर पक्षी बघायला जाता आलं. माझी दोन वर्षांची मोल्का होडीत बसल्यापासून तिच्याच मांडीवर. मी खजुराची वडी पुढे केली, तर तोंड फिरवलं. तीच वडी आत्याच्या हातून खाल्ली.

“वहिनी, काहीतरी जळाल्याचा वास येतोय गं,” दोरसाफ म्हणाली.

“तुझ्या पाखरांचा असेल.”

उतारभर बिळं होती. प्रत्येकात एकेक पक्षी अंडं उबवत बसलेला. मध्येच एखादा रडे, थेट तान्ह्या बाळासारखा. ऊन लख्ख होतं. मातीला मासळीचा आणि ओल्या पिसांचा वास.

दोरसाफ पुढे गेली. मोल्का तिच्यामागे दुडुदुडु निघाली, माझ्याकडे वळूनही न बघता. मला राहवलं नाही. उतार दणाणेल अशी मी ओरडले, “मोल्का, इकडे ये. आईकडे ये.”

सगळी बिळं गप्प झाली.

मग खालच्या खडकाआडून कुणीतरी म्हणालं, “मोल्का.”

माझाच आवाज. माझ्याहून मायाळू.

मोल्का वळली आणि खडकाआड गेली.

मी पोचले तेव्हा ती एका बिळाच्या तोंडाशी बसली होती. दोरसाफनं हात पसरले. मोल्का तिला टाळून माझ्या मानेला बिलगली. तिचे केस गार होते.

बिळातून रडणं आलं.

“वहिनी, थांब. हे रडणं...”

“पक्षी आहे,” मी म्हणाले, आणि चालू लागले.

याला दोन महिने झाले. मोल्का आता फक्त माझी आहे. दोरसाफ दारात रडते, म्हणते, ही ती नव्हे. जळते, दुसरं काय.

तुम्ही त्या बेटावर जाणार असाल, तर खडकाआडच्या बिळात जरा हात घालून बघा. मला जाता येत नाही. ही मला क्षणभर सोडत नाही. आत कुणी रडत असेल, तर पाठीवर थोपटा. ती लगेच झोपते.