उचललेलं नाव

इसरू सिडाम पहिल्यांदा ग्रामपंचायतीच्या दारात उभा राहिला, तेव्हा मी त्याच्या आजीच्या नावानं मांजरीला झापत होते.

"सुकरी, चोट्टे, उतर खाली. डब्यातली मासोळी तुह्या बापाची होती का?"

मांजर प्रिंटरवर बसून मिशा चाटत होती. दारातला माणूस मात्र जागच्या जागी थांबला. बाहेर सप्टेंबरची बारीक झिमझिम होती. त्याच्या केसांतून पाणी कानामागे उतरत होतं. खांद्यावर पान्यांची जड पिशवी, हातात पन्नीत गुंडाळलेला कागद. त्यानं मांजरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मॅडम, हे नाव मांजरीचं व्हय?"

"हो. काऊन?"

 पन्नी उघडून त्यानं कागद माझ्यापुढे ठेवला. मृत्यूच्या दाखल्याचा अर्ज होता. मृताचं नाव – सुकरी कोलू सिडाम. अर्जदाराचं नातं – नातू.

माझे कान गरम झाले.

कारण हे नाव मला कुठे सापडलं ते मला नीट ठाऊक होतं. मी घुग्घुसची. जूनमध्ये मुलचेरा तालुक्यातल्या या गावी संगणक चालवायच्या नोकरीवर आले. पहिलंच काम मिळालं ते हातानं लिहिलेल्या मृत्यूच्या नोंदी संगणकात चढवायचं. अकरा नावं होती. सातवं सुकरी. मोठ्यानं म्हणून पाहिलं, गोड वाटलं. टेबलाखाली दोन दिवसांपूर्वी मागे लागून आलेलं पिल्लू झोपलं होतं, त्याला नाव नव्हतं. मी वाकून म्हणाले, "सुकरी." त्यानं डोळे उघडले. झालं. मेलेल्या माणसाचं नाव मोकळंच पडलेलं असतं, अशा थाटात मी ते उचललं.

"काऊन ठेवलं असं नाव?" त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता. खरंच जाणून घ्यायचं होतं त्याला.

आणि मी खोटं बोलले. "शुक्रवारी आली न ही. बाजारातून माह्या मागं मागं आली... म्हणून सुकरी."

तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग हसला. वरच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यात आधी सुरू होऊन मग सगळ्या चेहऱ्यावर पसरणारं हसू.

"आमची आजीही शुक्रवारचीच. म्हणून तिचंही हेच नाव. लय हट्टी होती, मॅडम. मराच्या आदल्या दिवशी मले विचारते, शाळेजवळचा पंप दुरुस्त केला का नाई."

"मग? केला होता?"

"नाई न. रात्रीतून जाऊन केला."

मी दाखला छापला. प्रिंटरमधून निघालेला कोमट कागद त्याच्या हाती देताना बोटांना बोटं लागली. त्याची थंड होती, ओली. तो गेल्यावर मी मांजरीला जवळ घेतलं, पण नावानं हाक मारवली नाही.

त्या दिवशी मला माझ्या आज्याची आठवण झाली. वामनराव निमगडे. त्याच्या वडिलांचं नाव गावच्या जमीनदारानं, मालगुजारानं, आपल्या कुत्र्याला ठेवलं होतं. रोज सांजेला वाड्यावरून हाक यायची, आणि आमच्या वस्तीत एक म्हातारा मान खाली घालून भाकर खायचा. आजा म्हणतो, बौद्ध झालो तेव्हा पहिलं काम आम्ही काय केलं, तर लेकरांना धड नावं दिली. माझं नूतन हे नाव त्यानंच शोधलं, आठ दिवस घालवून. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात ही कुत्र्याची गोष्ट मी स्वतः माईकवर सांगितली आहे. दोनदा. टाळ्या घेतल्या आहेत.

आणि मी काय केलं होतं?

इसरू पंचायत समितीकडून हातपंप दुरुस्तीला फिरायचा. आमचं गाव त्याच्या वाटेवर होतं की तो वाट वाकडी करून यायचा, याची मी चौकशी केली नाही. पुढच्या आठवड्यात आला तो सरळ मांजरीपुढे उकिडवा बसला.

"एक अडचण आहे, मॅडम. आमच्या करिश्माले, बहिणीले, दिवाळीच्या आसपास लेकरू होणार आहे."

"मग?"

"आमच्या घरी बाळाचं नाव कोणी ठेवत नाई. पाहतात. बाळ रडाले लागलं का घरातल्या गेलेल्या माणसायची नावं घेतात, एकेक. ज्या नावावर बाळ गप होते, ते माणूस परत आलं." तो मांजरीच्या गळ्याखाली खाजवत होता. "आजीले लय घाई असन परत याची. मुलगी झाली न आजीच निघाली, तर घरी बाळाले हाक मारली का तुमची मांजर मासोळी खाले हजर."

मी हसले.

"बदलू आपण नाव," मी म्हणाले.

"आपण?"

"म्हणजे... मी."

"नाई, आपणच म्हणा. मले वेळ आहे."

मग आमचा तो उद्योगच झाला. दुपारी दीडच्या सुमाराला त्याची मोटारसायकल फाटकाशी थांबायची. तो डबा सोडायचा, मी माझा. मांजर दोघांच्या मधे. मासोळीचा तुकडा हातात धरून आम्ही आळीपाळीनं नावं घ्यायचो.

"दीपिका," मी म्हणायचे.

मांजर पाय चाटायची.

"राजदीप," तो म्हणायचा.

"मांजर बाई आहे."

"माणसाले नाई समजत बाईच्या जातीचं, मांजरीचं कसं समजन? खुशबू."

"हिच्या तोंडाचा वास घेतला का कधी?"

तो मान मागे टाकून हसायचा. त्याच्या मनगटावर ग्रीसचा काळा पट्टा कायम असायचा. एकदा तो पट्टा माझ्या वहीच्या कोपऱ्याला लागला. ते पान मी फाडलं नाही.

नावं संपत आली. मांजर कशालाच बधली नाही. इसरू गेला की मी एकटी असताना हळूच म्हणायचे, "सुकरी." ती तीरासारखी यायची. रोज हे करून पाहायचे मी, आणि रोज तोंड चोरासारखं व्हायचं. तो हसत बोलत असला की मला वाटायचं, हे हसू माझं नाही, त्या शुक्रवारचं आहे. खोट्याला मिळालेलं आहे. खरं सांगितलं तर तो उठून जाईल. नाही सांगितलं तर तो बसेल, पण मी त्याच्यासमोर कधीच नीट बसू शकणार नाही.

दिवाळीनंतर पाचव्या दिवशी तो आला, डबा ठेवून बसला, डोळे रात्रभर जागलेले.

"मुलगी झाली. लय रडते, मॅडम. अख्खा टोला जागवला." मग पिशवीची दोरी बोटाला गुंडाळत म्हणाला, "येत्या इतवारी नाव पाहाचं आहे. तुमी या."

"मी?"

"मायले सांगितलं मी. एक मॅडम येतीन म्हणून."

त्याच्या चेहऱ्याकडे पाहवेना. मी टेबलावरचा पेन उचलला, टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"इसरू, ही मांजर शुक्रवारी नाई आली."

त्याच्या बोटावरची दोरी सुटली.

"नाव मी यादीतून घेतलं. मृत्यूच्या. तुमच्या आजीची नोंद मीच चढवली होती. सातवी. नाव बरं वाटलं, न मी... मांजरीले देऊन टाकलं. कोण होती, कोणाची होती, काहीच पाहिलं नाई."

पंखा फिरत होता. कागद फडफडत होते. मांजर नेमकी तेव्हाच त्याच्या पायाशी जाऊन अंग घासू लागली.

"मेलेल्या माणसायच्या यादीतून," तो म्हणाला.

"हो."

"आमच्या घरी ते नाव कोणी मोठ्यानं घेत नाई, मॅडम. ती गेली तवापासून. बाळासाठी ठेवलं आहे, राखून." त्यानं पाय हळूच बाजूला घेतला. "सांगितलं नसतं तर मले कळलंही नसतं."

"म्हणूनच सांगितलं."

तो उठला. पिशवी खांद्यावर टाकली. डबा न उघडता तसाच उचलला आणि गेला. मोटारसायकल दुसऱ्या किकला सुरू झाली. फाटकाबाहेर गेल्यावर तिचा आवाज कुठवर ऐकू येतो हे मला पाठ होतं. त्या दिवशी मी तिथवरही ऐकला, आणि त्याच्यापुढेही ऐकत राहिले.

सांजेला आज्याला फोन केला. सगळं सांगितलं, काही न गाळता. पलीकडे टीव्ही चालू होता, तो त्यानं बंद केला.

"बोलावलं होतं न त्यायनं तुले?" आजा म्हणाला.

"त्याच्या आधी. सांगाच्या आधी."

"मग जा. बोलावणं काही वापस नाई घेतलं त्यायनं. तिथं जाऊन उभी राह्य. मालगुजार कधी आमच्या दारात येऊन उभा नाई राह्यला, नूतन. तेवढा तरी फरक दिसू दे."

रविवारी मी गेले. टोल्यावर सात-आठ घरं, बांबूच्या कुडाचं अंगण शेणानं सारवलेलं. बायका चटईवर गोल बसल्या होत्या. मधे करिश्माच्या मांडीवर मूठभर मुलगी, तांबडीलाल, गळा फाडून रडत होती. इसरू कुडाला टेकून उभा होता. मला पाहून सरळ झाला, पण पुढे आला नाही.

त्याच्या आईनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मांजरवाली हेच का?"

सगळ्या माना वळल्या. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. मला वाटलं, सारवणात बोटभर खड्डा असता तर त्यात शिरले असते. तरी उभी राहिले.

"हो, बाई," मी म्हणाले. "माफी मागाले आली."

"बस." तिनं चटईचा कोपरा दाखवला.

एक म्हातारी आत्या बाळाच्या कानाशी वाकून नावं घेऊ लागली. घरात गेलेल्या बायांची, जुन्या, मला न कळणाऱ्या आवाजांची. प्रत्येक नावानंतर थोडं थांबायची. बाळ आणखी जोरात रडायचं. शेवटी आत्या थांबली. एक नाव उरलं होतं. सगळे इसरूच्या आईकडे पाहू लागले, आणि ती माझ्याकडे.

"तू घे."

"मी... कशी घेऊ?"

"तूच उचललं न? मग तूच आणून ठेव जागेवर."

गुडघ्यांवर पुढे सरकले. बाळाच्या डोक्याला तेलाचा आणि दुधाचा वास येत होता. इतके महिने दिवसातून दहादा हे नाव घेतलं होतं, मासोळीसाठी, दुधासाठी, रागानं, लाडानं. आज पहिल्यांदा कळत होतं की हे एका बाईचं नाव आहे, जी मरायच्या आदल्या दिवशी पंपाची चौकशी करत होती.

"सुकरी," मी म्हणाले. "सुकरीबाई."

बाळानं एक उचकी दिली. ओठ थरथरले. मग मूठ तोंडात घालून ते गप झालं, आणि माझ्याकडे, की माझ्या पलीकडच्या कशाकडे, टक लावून पाहू लागलं.

 इसरूच्या आईनं पदरानं डोळे पुसले आणि माझ्यापुढे गुळाच्या चहाची पितळी सरकवली. "पी. थंडा होते."

परत येताना इसरूनं मोटारसायकल काढली. भाताच्या बांध्यांमधून जाणारा रस्ता, कापणीला आलेल्या धानाचा वास.

"मॅडम," तो पुढे पाहतच म्हणाला, "शुक्रवारचं खोटं आहे हे मले पहिल्याच दिवशी समजलं होतं."

"कसं?"

"तुमीच म्हणाल्या न, बाजारातून मागं आली. आपला बाजार मंगळवारचा असते."

मी मागे बसून डोळे मिटून घेतले. "मग विचारलं काऊन नाई?"

"तुमी सांगान म्हणून थांबलो." गाडी एका खड्ड्यातून सावकाश निघाली. "यादीचं नोतं माहीत. ते लागलं मनाले. दोन दिवस जेवण नाई गेलं."

"अजून लागते?"

"थोडं लागते. तरी सोडाले आलो न."

फाटकाशी उतरल्यावर मी जे ठरवून ठेवलं होतं ते सांगून टाकलं. "मांजरीचं नाव मी ठरवलं. नूतन."

"काय?"

"न विचारता द्याचा हक्क फक्त एकाच नावावर आहे मले. माह्या."

त्यानं गाडी बंद केली. मग ओठाचा डावा कोपरा हलला. "मग तुमाले काय म्हणू?"

"पाहा तुमीच. तुमच्या घरी ठेवत नाईत न... पाहतात."

सोमवारी दीड वाजता मोटारसायकल थांबली. मी मुद्दाम मान वर केली नाही. नोंदवहीत डोकं घालून बसले. मांजर खिडकीत उन्हात पसरली होती.

"मॅडम," दारातून आवाज आला.

मी लिहीत राहिले.

"ओ कम्प्युटरवाल्या बाई."

लिहीतच राहिले. अक्षर वाकडं येत होतं.

"मांजरवाली."

हसू दाबायला ओठ चावला.

 पंखा फिरत होता. आणि मग, अगदी हळू, बाळाच्या कानाशी वाकून घ्यावं तसं –

"नूतन."

मांजरीनं शेपटीसुद्धा हलवली नाही.

मी मात्र उठून उभी राहिले होते.