चौथा म्हणून घेतलेला खडा

कतारमध्ये आम्ही राहतो त्या उम्म सलाल मोहम्मदहून मेसईद म्हणजे सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. सरळ, गुळगुळीत, रुंद रस्ता. एवढ्याशा रस्त्याला कसलं आलंय प्लॅनिंग? पण माझा नवरा सुरेश इंजिनिअर आहे, आणि त्याला तक्ता केल्याशिवाय घास गिळवत नाही. गुरुवारी संध्याकाळी त्याने लॅपटॉप उघडून दुसऱ्या दिवशीच्या प्रवासाची एक्सेल शीट केली. निघायची वेळ साडेआठ. पेट्रोल वाटेतल्या वक्रा गावात. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, थर्मासमध्ये चहा. पाणी, चार बाटल्या.

"माणसं तीन आणि बाटल्या चार?" मी विचारलं.

"एक जादा असावी, विभा. रस्त्याचं काही सांगता येतं का?"

मी कपाळाला हात लावला. माणसाने किती सावध असावं याला काही सुमार आहे का? आता मात्र त्या चौथ्या बाटलीवरून मी त्याला कधी चिडवत नाही.

तिसरं माणूस म्हणजे माझ्या सासूबाई, हौसाबाई. वय बहात्तर, साताऱ्याकडच्या, दोन महिन्यांसाठी आमच्याकडे आलेल्या. कतार बघायची हौस त्यांना काडीची नव्हती. त्या आल्या होत्या किसनसाठी. किसन हा त्यांच्या शेजारचा मुलगा, एकोणतीस वर्षांचा. मेसईदला एका कंत्राटदाराकडे वेल्डर होता. जुलैत त्याचा फोन बंद झाला. ऑगस्टमध्ये त्याच्या बायकोला, सोनमला, एजंटाने कळवलं की तुझा नवरा काम सोडून पळून गेला. मग काय, गावाला जीभ फुटली. कुणी म्हणालं दुसरी बाई ठेवली, कुणी म्हणालं दुबईला गेला. सव्वीस वर्षांची पोर खाली मान घालून पाणी भरायला जायची. आईंनी इकडचं विमान धरलं तेव्हा ती त्यांच्या पाया पडून म्हणाली, "काकी, जिता असंल तर तोंडावर इचारा, का सोडलं म्हून. आन् नसंल... तर तेबी सांगा. पर पळाला म्हणत्यात ते खरं हाय का, येवढं बगून या."

एवढंच काम होतं. शुक्रवारी जायचं, तो राहायचा त्या कामगारांच्या कॅम्पवर विचारायचं आणि संध्याकाळच्या आत परत यायचं.

निघताना वारं सुटलं होतं. मार्चमध्ये इकडे असं वारं सुटलं की आभाळ पिठूळ होतं आणि सूर्य पांढऱ्या टिकलीएवढा उरतो. वक्रा मागे पडलं तशी धूळ वाढली. मालाचे ट्रेलर दिवे लावून चालले होते. हमद पोर्टचा फाटा जवळ आला आणि मागच्या सीटवरून आई एकदम म्हणाल्या, "सुरेश, थांबीव गाडी."

"काय झालं?"

"आपुन तिघंच निघालू की. तीन तिगाडा, काम बिघाडा. ध्यानातच आलं न्हाई माज्या."

आमच्याकडे ही रीत आहे. तिघांनी मिळून कामाला निघू नये. निघावंच लागलं तर चौथा म्हणून एक खडा नाहीतर सुपारी सोबत घ्यावी. मी पुण्याची, शिकलेली, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्या ट्रेलरच्या रांगेत खड्यासाठी गाडी थांबवायची? पण सुरेशने थांबवली. आईपुढे त्याची एक्सेल शीट चालत नाही.

रस्त्याच्या कडेला थोडी मोकळी जागा होती. एक पिवळा बॅरिअर मधोमध मोडून पडला होता, आणि पलीकडे नुसती वाळू. आई पदर सावरत उतरल्या, बॅरिअरपाशी वाकल्या आणि लिंबाएवढा एक करडा खडा उचलून आणला. बसता बसता त्या हसल्या आणि खड्याला म्हणाल्या, "चल रं किसना, तू आमचा चौथा."

त्यालाच भेटायला निघालो होतो, म्हणून त्याचं नाव तोंडात आलं. बाकी काही नव्हतं.

खडा त्यांनी शेजारी, मधल्या सीटवर ठेवला. गाडी सुरू झाली आणि टिंग टिंग वाजायला लागलं.

तुमच्याही गाडीत असेल ही सोय. मागे कुणी पट्टा न लावता बसलं तर समोर लाल दिवा लागतो आणि टिंग टिंग होतं. मधल्या सीटचा दिवा लागला होता.

"आई, तुमची पिशवी आहे का मध्ये?"

"पिशवी माज्या मांडीव हाय."

"मग खडा उचला बरं."

त्यांनी खडा मुठीत घेतला. टिंग टिंग चालूच. सुरेश म्हणाला, सेन्सर बिघडलाय, धूळ गेली असेल. दोन वर्षांची नवी गाडी, आणि धुळीने सेन्सर बिघडतो. मी शोरूमवाल्यांच्या नावाने बोटं मोडत होते, तेवढ्यात मला वास आला. तापलेल्या लोखंडाचा. उन्हात दिवसभर पडलेल्या पत्र्याला येतो तसला, आणि त्यात घामाचा. एसी तर बावीसवर होता.

पाच मिनिटं ते वाजत राहिलं. मग आईंनी मधल्या सीटचा पट्टा ओढला, रिकाम्या जागेवरून नेला आणि खटक्यात अडकवला. "बस निवांत," त्या हळूच म्हणाल्या.

टिंग टिंग थांबलं.

कॅम्पच्या गेटवर रहमान नावाचा पहारेकरी होता. त्याने आमची ओळखपत्रं घेतली, मोजली आणि काचेतून मागे पाहिलं.

"मॅडम, चौथा कार्ड?"

"चौथा कौन? तीन लोग हैं," मी म्हणाले.

त्याने पुन्हा पाहिलं. तोंडावरचा रुमाल खाली केला, काहीतरी पुटपुटला आणि वहीत लिहून फाटक उघडलं. मी खिडकीतून वाकून वाचलं. माणसं, चार. मी तडकून खाली उतरणार होते, पण सुरेशने माझा हात धरला.

ऑफिस दुपारच्या नमाजानंतर उघडलं, तिथे हाफिज नावाचे बाबू बसले होते. सुटीच्या दिवशीही त्यांनी चहा विचारला, सौजन्यात काही कसर नव्हती. मग संगणकात नाव टाकलं आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली.

"ॲब्स्काँड. जुलाई में भाग गया. फाइल क्लोज. खलास."

"भागकर कहाँ गया?"

"वो हमको कैसे पता, मॅडम?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका बाजूला समुद्र, तीन बाजूंना वाळू. त्यांच्याच यादीप्रमाणे त्याचे कपडे खोलीत, बॅग खोलीत, लेकीसाठी घेतलेली बाहुली खोक्यात तशीच. ती बाहुली त्यांनी आमच्या ताब्यात सहीवर दिली. पळून जाणारा माणूस चप्पल तरी घालतो की नाही? त्याच्या चपला पलंगाखाली होत्या. हे विचारायला आठ महिन्यांत एकालाही तोंड नव्हतं. फाइल क्लोज म्हणे. माणसाला झाकण असतं का, की लावलं आणि झालं?

आम्ही बाहेर आलो तेव्हा भिंतीच्या आडोशाला एक जण उभा होता. रंगनाथ, किसनच्या खोलीतला, बीडकडचा. त्याने आधी इकडेतिकडे पाहिलं.

"ताई, त्यो पळाला नाही," तो खालच्या आवाजात म्हणाला. "आम्ही चौघं साइटहून येत होतो. कॉम्प्रेसर गाडीमागं जोडलेला, त्याचं चाक निखळलं. फोरमन म्हणला, एक जण थांबा राखणीला, मी क्रेन घिऊन येतो, येताना पाणी आणतो. किसन थांबला."

"जुलैत? दुपारी? दुपारी उघड्यावर काम करायला बंदी असते ना?" सुरेशने विचारलं.

"काम कुठं करत होता, साहेब... नुसता बसलेला होता. तसंच म्हणले आम्हाला नंतर." रंगनाथने पुन्हा गेटकडे पाहिलं. "मग वादळ आलं. फोरमनला दुसरं काम लागलं. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. कॉम्प्रेसर होता. क्रेनला लावून आणला. हा नव्हता. वाळूचे नुसते ढीग... फोरमननं दोन हाका मारल्या आन् गाडीत बसला. संध्याकाळी लिहून दिलं, पळाला म्हणून."

कॉम्प्रेसर आणायला क्रेन गेली. माणसाला दोन हाका. मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचीही चीड आली.

"कुठं थांबला होता त्यो?" आईंनी विचारलं.

"पोर्टच्या फाट्याजवळ, आजी. पिवळा बॅरिअर हाय बघा तिथं, मधून मोडलेला..."

आईंची मूठ पदराखाली होती. ती त्यांनी छातीशी धरली. मग म्हणाल्या, "खड्याला कुनी नाव घिऊन हाक मारतं व्हय... मी मारली. त्यो आला."

परत निघालो तेव्हा जेमतेम तीन वाजले होते, पण धुळीने दिवस तपकिरी झाला होता. गाडीत बसताना मी मागे पाहिलं. मधला पट्टा आम्ही लावून गेलो होतो तसाच होता. फक्त तो सीटला चिकटलेला नव्हता. वीतभर पुढे, ताणून उभा होता, पोटावरून जातो तसा. त्या सीटपुढच्या खाचेत चौथी बाटली होती. झाकणाचं सील शाबूत होतं. आत थेंबही नव्हता.

मी पुढे तोंड करून बसले.

फाट्याजवळ आल्यावर मला राहवलं नाही. "सुरेश, थांबव. आई, तो खडा होता तिथे ठेवून या. रीतच आहे ना तशी, काम झालं की चौथ्याला सोडायचं?"

सुरेशने वेग कमी केला. धुळीतून पलीकडच्या कडेचा पिवळा बॅरिअर दिसला. मागे लोखंडाचा वास एकदम दाटला आणि कुणीतरी श्वास रोखून धरावा तशी शांतता पसरली.

"सोडायचं घरी पोचल्याव," आई म्हणाल्या. "एकदा उतरीवलाय त्येला हितं, येतो म्हून सांगून. दुसऱ्यांदा मी न्हाई उतरवायची. चल, सुरेश."

मला माझीच लाज वाटली. फोरमनला वाटभर मनात शिव्या देत आले होते, आणि त्याच जागी मी तेच करायला निघाले होते.

सुरेशने गाडी हाणली. मागे कुणीतरी श्वास सोडला. तो आईंचा नव्हता.

आम्ही तक्रार दिली. रंगनाथने सांगितलेलं सगळं सुरेशने तक्त्यात मांडलं, तारीख, वेळ, जागा. पहिल्यांदाच त्याच्या तक्त्याचा मला अभिमान वाटला. पोलिसांनी त्या जागी खणूनही पाहिलं, हाती काही लागलं नाही. पंधरा दिवसांनी आई गेल्या. खडा पानाच्या चंचीत, चंची कमरेला. मधल्या सीटचा दिवा त्या दिवशी विमानतळापर्यंत लागलेला होता आणि येताना विझला.

चार दिवसांनी सोनमचा फोन आला.

"काकींनी सगळं सांगितलं," ती म्हणाली. "खडा तुळशीपाशी ठिवलाय. राती तांब्याभर पानी ठिवते त्याच्याजवळ."

"बरं करतेस."

"सकाळी तांब्या रिकामा असतोय, वैनी. मग हंडा ठिवला. त्योबी रिकामा. लई तहानलाय. पिऊ दे. आता कुनी पळाला म्हनलं, तर मी मान खाली घालत न्हाई."

मी फोन ठेवला आणि पुष्कळ दिवसांनी पोटभर जेवले. म्हटलं, एक तरी माणूस घरी पोचला.

गेल्या शुक्रवारी मेसईदला सुरेशच्या मित्राकडे जेवण होतं. आम्ही दोघंच निघालो. स्वच्छ ऊन, वारा नाही, सकाळचे साडेदहा. दोघंच म्हटल्यावर तीन-तिगाड्याचाही प्रश्न नव्हता. पाण्याच्या बाटल्या दोन, मी स्वतः मोजून ठेवल्या होत्या.

मोडका बॅरिअर दिसला आणि टिंग टिंग सुरू झालं.

"किसन तर गेला ना..." सुरेश म्हणाला.

मी समोर पाहिलं. मागच्या सीटचा डावीकडचा दिवा लाल होता. मग मधला लागला. मग उजवीकडचा.

सुरेशने गाडी कडेला घेतली. आरशात मी पाहिलं नाही. दार उघडून खाली उतरले, बॅरिअरपाशी गेले आणि वाकले. जुलैचा हिशोब एकाचा होता. पण हा रस्ता किती वर्षांचा, आणि इथे येतो म्हणून किती जणांना उतरवलं, हे कुठल्या फाइलीत लिहिलंय?

गाडीत जागा तिघांचीच होती. आणि माझ्या पायांपासून पार लांबपर्यंत, सारखेच, लिंबाएवढे करडे खडे पडले होते.