ताण्याचं डावं टोक

दहावीचा निकाल लागला आणि आमच्या घरात दोन पक्ष पडले. आई, म्हणजे आमची अव्वा, आणि मी एका बाजूला, चिक्कप्पा दुसऱ्या बाजूला. चिक्कप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे, अप्पांचे, धाकटे भाऊ, रुद्रप्पा. अप्पा गेल्यापासून सोलापूरच्या भवानी पेठेतले आमचे यंत्रमाग तेच चालवतात, त्यामुळे घरात शब्दही त्यांचाच चालतो.

"कॉलेजात जाऊन काय करणार?" ते म्हणाले. "भाषणं?"

"करीन की. तुम्हाला हार घालायला बोलवीन."

ते हसले. हसलेला माणूस निम्मा हरलेला असतो, हे मला नुकतंच कळलं होतं. मी म्हटलं, "नव्या बीमची सांधणी मी एकटीनं करते. एक धागा चुकला तर कॉलेजचं नाव काढणार नाही. नाही चुकला, तर अकरावीचा फॉर्म तुम्ही आणायचा."

"एकटीनं? न्हाय जमायचं."

"बघू की."

मागावरचे उभे धागे, म्हणजे ताणा, संपत आले की ते पूर्ण काढत नाहीत. शेवटची टोकं मागातच लोंबती ठेवतात आणि नव्या बीमवरचा, म्हणजे धागे गुंडाळलेल्या रुळावरचा, एकेक धागा एकेका टोकाला जोडतात. बोटांना राख लावायची, जुनं टोक आणि नवं टोक चिमटीत धरायचं, पीळ द्यायचा. धागे शेकड्यांनी असतात, म्हणून माणसं दोन बसतात. एक उजव्या कडेनं येतं, एक डाव्या कडेनं, आणि मधे भेट होते. उजवीकडे नेहमी मी असायची, डावीकडे चिक्कप्पांची बायको, चिक्कव्वा. भेट झाली की ती माझ्या बोटावर बोट आपटायची. "साकु. ऊठ आता." साकु म्हणजे पुरे.

मंगळवारी पेठेत वीज बंद असायची. त्या मंगळवारी घरातली सगळी अक्कलकोटला लग्नाला निघाली. वाऱ्यानं धागे गुंततात म्हणून सांधणीच्या वेळी शेडचं दार लावूनच घेतात, पण चिक्कप्पांनी बाहेरून कुलूपही घातलं.

"मदतीला मैत्रिणी गोळा करशील," ते दाराआडून म्हणाले.

"घाला की. येताना हार आणा."

त्यांची पावलं गेली. रोज ज्या शेडमध्ये ओरडून बोलावं लागतं, तिथं आता माझ्या बांगडीचा आवाज मोठा वाटत होता. पत्रा तापला होता. तेलाचा आणि खळीचा वास नाकात बसला होता. माग आणि बीम यांच्या मधल्या पाटावर मी बसले. एकदा बसलं की तिथून उभं राहता येत नाही. जोडलेले धागे डोक्यापुढून पाठीमागे ताणलेले असतात. काम पुरं झालं की खालून सरकत निघायचं. मधेच उठलं तर केलेलं सगळं गुंततं.

शेजारी पुस्तक ठेवलं होतं. वाचनालयातल्या 'नभोरथ' मालेतलं सातवं. दर पुस्तकाचा लेखक वेगळा, पण नायक तोच, कप्तान सुकेत. आधीची सहा मी फडशा पाडावा तशी वाचली होती. त्यांत तो ग्रहच्या ग्रह सोडवतो. हे पुस्तक मात्र त्याच्या उमेदवारीचं. पंधरा वर्षांचा, धांदरट, सारखा रडवेला. त्याचे आचार्य त्याला शिडाच्या खोलीत कोंडतात. यानाचं शीड किरणांच्या धाग्यांचं असतं, ते तुटलेलं असतं. आचार्य सांगतात, "तू या टोकानं सांधत ये. दुसऱ्या टोकानं कुणीतरी येईल. भेट झाली की जो आधी उठेल तो सुटला. दुसऱ्यानं थांबायचं."

मला हसू आलं. या लेखकाचं आजोळ नक्की सोलापुरात असणार. आणि सुकेतची काळजी कशाला करायची? पुढं तो कप्तान होणारच होता.

दुपारी भाकरी-चटणी खाताना मी पान उलटलं. सुकेतला पलीकडून गुणगुणणं ऐकू येत होतं, मुलीचं.

मी गुणगुणत होते. मी गप्प झाले.

खालची ओळ होती, 'मग ते थांबलं.'

पुस्तक मिटलं. शास्त्रात मी वर्गात पहिली आहे, असल्या योगायोगांना मी भीक घालत नाही. चटणीचा हात पुसला, राख घेतली आणि सहज मान वळवली. डाव्या कडेचे धागे जोडलेले होते.

पहिल्यांदा रागच आला. चिक्कव्वानं दया येऊन पहाटे करून ठेवलं असणार, आणि माझी पैज बुडाली. हात लांबवून मी एक धागा ओढून पाहिला. सांधा पक्का होता. पण त्याला राख नव्हती. तो ओला होता आणि पीळ उलटा होता, डावखुऱ्या माणसानं द्यावा तसा.

चिक्कव्वा डावखुरी नाही.

मी माझ्या बाजूला वळले, काही धागे जोडले, पुन्हा पाहिलं. डावीकडचे वाढले होते.

"कोण आहे?" मी विचारलं. मग दाराकडे तोंड करून मोठ्यानं हाका मारल्या. वीज नसल्यानं शेजारच्या शेडही ओस होत्या. माझाच आवाज पत्र्याला लागून खाली आला.

उठले तर सगळं गुंतणार. गुंतलं तर पैज गेली, कॉलेज गेलं, आणि ही शेड जन्माला चिकटली. उठूनही जाणार कुठं होते? कुलूप बाहेरून होतं.

म्हणून मी हात चालवत राहिले.

आता ते दिसत होतं. हात नव्हता, बोटं नव्हती. दोन टोकं आपोआप उचलली जात, एकमेकांजवळ येत, फिरत. मी घाई केली की तिकडेही घाई होई. मधेच एखादं टोक सुटे, पुन्हा उचललं जाई, पुन्हा सुटे. जो कोणी होता, तो घाबरलेला होता. ते मला धाग्यावरून कळत होतं.

पत्र्याच्या फटीतलं ऊन सरकत भिंतीवर गेलं.

मधे एकच धागा उरला.

मी तो धरला. पलीकडूनही तो धरलेला होता.

ओढाओढ नव्हती. नुसतं धरून ठेवणं होतं, लहान मूल पदर धरतं तसं.

तो कप्तान होणारच आहे, मी स्वतःला सांगितलं. सहा पुस्तकांत लिहिलंय.

मी पीळ दिला.

माझ्या बोटावर काहीतरी गार टेकलं. सोडेना.

मी हात काढून घेतला आणि खालून सरकत आधी उठले.

संध्याकाळी चिक्कप्पांनी बॅटरी लावून धागे तपासले. एकही चूक नाही. बॅटरी विझवून ते म्हणाले, "हात लई बेस हाय तुझा." दुसऱ्या दिवशी त्यांनी फॉर्म आणला. अव्वानं हुग्गी केली, गव्हाची गोड खीर. मी दोनदा वाढून घेतली.

पुस्तक परत करायला गेले. शेवटची पानं वाचायचं धाडस झालं नव्हतं. आधीच्या सहातलं एखादं पुन्हा द्या म्हटलं, तर वाचनालयातले शिवशरणकाका चष्म्यावरून बघायला लागले.

"कुठला कप्तान?"

"नभोरथ मालेतला, काका. सुकेत."

"अगं, त्या मालेचं एवढं एकच निघालं. चाललीच नाही ती. खपणार कशी? पोरगं शेवटपर्यंत कोंडलेलंच राहतं."

ती सहाही पुस्तकं मी त्याच कपाटातून नेली होती.

अकरावी सुरू झाली. नवी वही, नवी मैत्रीण, वादविवादात नावही दिलं. चिक्कप्पांनी एकच अट घातली होती, सांधणी इथून पुढं मीच करायची. एवढा चांगला हात असताना नाही कसं म्हणणार? आणि म्हटलं असतं तर कारण काय सांगणार होते?

आज मंगळवार. कॉलेजातून आले तर चिक्कप्पा शेडच्या दारात किल्ली घेऊन उभे होते. सकाळीच त्यांनी नवं बीम चढवलं होतं. मी राखेची वाटी घेतली, पाटावर सरकले. ते दार ओढून घेता घेता थांबले, मागाकडे वाकून बघायला लागले.

"सकाळी येऊन गेलीस व्हय?"

"नाही."

"मग चिक्कव्वानं केलं आसंल." त्यांनी धाग्यांवरून हात फिरवला आणि ओली बोटं धोतराला पुसली. "बस आता. तुझ्याकडचे दोन-चारच राहिलेत."

दार लागलं. या खेपेला आधी उठायला तो तयार बसला होता.