दाईपेशींचे दार

काचेपलीकडे शेखर लोटलीकर संचालक हुमणेबाईंना आपल्या बशा दाखवत होता, आणि अलीकडे उल्का देवस्थळीच्या अंगाचा तिळपापड होत होता.

बशांत रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी होत्या. शरीराबाहेर लगेच मान टाकणाऱ्या या पेशी लोटलीकरने जगवून दाखवल्या, म्हणून संशोधन केंद्रात त्याचा उदोउदो चालला होता. उद्या त्यांच्यावर त्याच्या नव्या औषधाची चाचणी होती.

"पण या जगतात कशावर?" बाईंनी विचारले.

"पोषणद्रवात सिस्टिन असतं, मॅडम. एका अमिनो आम्लाच्या दोन रेणूंची, गंधकाच्या अणूंनी जोडलेली दुक्कल. ती अख्खी दुक्कल यांना आत घेता येत नाही. खालच्या थरातल्या दाईपेशी ती आत ओढतात, हायड्रोजन देऊन तिचं क्षपण करतात, म्हणजे गंधकाचा बंध तोडतात, आणि सुटे तुकडे बाहेर सोडतात. त्यावर आमच्या पेशी पोसतात."

"दाईपेशी कोणाच्या?"

"त्या होय? उल्काच्या. खालची व्यवस्था ती बघते."

व्यवस्था! त्या पेशी घडवण्यात उल्काची उमेदीची वर्षे गेली होती. तिने राबायचे आणि हा आयत्या बिळावरचा नागोबा मिरवणार. त्यातून तो हुशार होता, स्वभावानेही गोड होता, म्हणून तर तिला जास्तच जळत होते.

सगळे जेवायला गेल्यावर तिने प्रत्येक बशीत 'दारबंद' घातला. हे रसायन तिनेच बनवले होते आणि अजून कोणाला दाखवलेही नव्हते. त्याने दाईपेशींमधून तुकडे बाहेर सोडायचे दार मिटत असे. दाया स्वतः खातील, शेजाऱ्याला काही देणार नाहीत. औषध न दिलेल्या पेशीही मेल्या की लोटलीकरची चाचणी बाद. तिला एवढेच हवे होते.

चाचणीनंतर तो धावत तिच्या टेबलाशी आला. आता हा रडणार, असे तिला वाटले. पण तो हसत होता.

"उल्का, सगळ्या मेल्या! औषध न दिलेल्यासुद्धा!"

"मग हसतोस काय?"

"अगं, दाईपेशी मात्र ठणठणीत आहेत. म्हणजे या उपासाने मेल्या! माणसाच्या हाडांच्या मज्जेतही हा कर्करोग शेजारच्या पेशींनी सोडलेल्या अशाच तुकड्यांवर पोसतो. तो पुरवठा तोडला की रोगच उपाशी मरेल. माझं औषध गेलं खड्ड्यात! द्रवात काहीतरी पडलंय, ते मी हुडकून काढणार. बाई मला म्हणाल्या, शोध तुझ्याच नावावर लागेल."

उल्काने हिशेब मांडला. गप्प बसली तर नोकरी वाचत होती. बोलली तर चौकशी, बडतर्फी, छी-थू. रुग्णांचा विचारही तिच्या मनात आला, पण तो दुसरा. पहिला विचार असा, की दारबंदाला सारे जग लोटलीकरचे औषध म्हणणार.

"हात लावू नकोस त्या बशांना!" ती ओरडली. "ते मी घातलंय. मुद्दाम. तुझं वाटोळं व्हावं म्हणून."

"उल्का, हे बाईंना कळलं तर नोकरी जाईल तुझी."

"जाऊ दे," ती म्हणाली. "बोलाव बाईंना. नाव माझंच लागलं पाहिजे."