शिंगाच्या खाचेतला हिंगूळ

मेलेल्या बैलाच्या शिंगातून रक्त आलं.

तेही सोलापुरात, भर दुपारी, गुरांच्या डॉक्टरांच्या हातात. शिंग धुवायला पाणी घेऊन आलेला शिपाई बादली टाकून पळाला, तो म्हणे सिद्धेश्वराच्या तळ्यापाशी जाऊन थांबला. रामहरी कोरे डॉक्टर जागचे हलले नाहीत. त्यांनी लाल पाण्यात बोट बुडवलं, अंगठ्यावर घासलं आणि म्हणाले, "रक्त कसलं? हिंगूळ आहे."

हिंगूळ म्हणजे सणाला बैलाची शिंगं रंगवतात तो. पण या शिंगाला तो लागायचं काहीच कारण नव्हतं.

साल एकोणीसशे छत्तीस. कोरे नोकरीतून मोकळे झाले होते आणि सरकारनं त्यांना एक काम दिलं होतं. मोगलाईच्या, म्हणजे निजामाच्या मुलखाच्या, हद्दीवरच्या क्वारंटीन नाक्यांचा इतिहास लिहायचा. पलीकडून आलेलं जनावर नाक्यावरच्या गुरांच्या वाड्यात वेगळं ठेवायचं, तापल्या सळईनं शिंगावर डाग द्यायचा, बुळकांडीचा रोग नाही अशी खात्री पटली की सोडायचं. इतिहास सरळ होता, एक जागा सोडून. अक्कलकोटच्या पुढच्या एका नाक्यावरून पाच वर्षांमागे रोग निसटला आणि नाक्यालगतच्या गावातले गोठे ओस पडले. निकाल झाला: पहारेकरी सिद्धाप्पा झोपला, वाड्यातला रोगट बैल सुटला. सिद्धाप्पाची नोकरी गेली. बैल मेल्यावर डाग असलेलं शिंग पुरावा म्हणून सोलापूरला आलं.

इतिहास छापला की सिद्धाप्पा त्यात कायमचा झोपलेला राहणार होता.

पण हिंगूळ होता तो डागाच्या खाचेत. डाग नाक्यावर दिलेला. म्हणजे रंग त्यानंतरचा. क्वारंटीनमधल्या बैलाला कोण नटवतं?

गावाचं नाव सांगत नाही. डॉक्टर चौकशीला तिथं पोचले तो दिवस कारहुणवीचा, बैलांच्या सणाचा.

सिद्धाप्पा खोपटापुढं खांबापाशी ताठ बसला होता. समोर होळग्यांची, म्हणजे पुरणपोळ्यांची, ताटं. गावातल्या प्रत्येक घरातून एक होळगी त्याला येते आणि तो ती कुत्र्यांना घालतो. त्या दिवशी तिथली कुत्री चालत नाहीत, लोळत जातात.

"तुम्ही खात नाही?"

"माझ्यापायी गावाची जनावरं गेली, सायेब. आन ह्येच लोक मला पुरनाचं धाडत्यात. कसं गिळावं? लई देवमानसं."

"त्या दिवशी काय झालं?"

"असाच सन हुता. गावातल्या म्हाळसाबाईनं नाक्यावर ताट धाडलं. होळगी खाल्ली, आन डोळा लागला."

"होळगी कशी होती?"

"ग्वाड की. मागनं जरा कडवट लागली. तूप जुनं असंल. उठलो तर बैल वाड्यातच हुता. पर मधी कवातरी सुटून गावात फिरला असनार, न्हायतर रोग गेला कसा? तवापासनं मी दिवसा पाठ टेकली न्हाय."

"झोपेत काही ऐकू आलं?"

"हलगी. पर सपान असंल त्ये."

डॉक्टर वेशीकडे गेले. दोन्ही बाजूंना खुंट्या होत्या, त्यांना गंज चढला होता. पाटील आबासाहेब सामोरे आले.

"पाटील, वेशीत कर बांधत नाही? कडुनिंबाच्या डहाळ्यांची दोरी, मानाच्या बैलानं तोडायची?"

"बंद केली."

"कधीपासून?"

"रोगाच्या सालापासनं. त्या साली बी झाली न्हाय."

"मान कुणाचा?"

"म्हाळसाबाईच्या घरचा. तिच्याकडं बैल नसला तर आमचा."

"तिच्याकडं होता?"

"मोगलाईतनं खास आनला हुता. नाक्यावर कारंटीत अडकला की."

"रोग कुठल्या गोठ्यात आधी दिसला?"

"आधी? वेशीपासला काय आन माळावरला काय, समद्यांत एकदमच." पाटलांनी जीभ चावली.

म्हाळसाबाईचा गोठा झाडलेला, स्वच्छ आणि रिकामा होता.

"एवढी जमीन, बाई, आणि दारात बैल नाही?"

"जमीन वाट्यानं देते."

"का?"

"दावनीला बैल दिसला की घास उतरत न्हाय," ती म्हणाली आणि पदरानं कोरडीच गव्हाण पुसू लागली.

डॉक्टरांनी गाव चावडीवर बोलावलं. सिद्धाप्पालाही. शिंग मधोमध ठेवलं.

"रोगट जनावर चुकून सुटलं तर रोग वाटेतल्या गोठ्यातून पुढं सरकतो. इथं सगळे गोठे एकदम धरले. म्हणजे गावची जनावरं त्या बैलासोबत एका जागी उभी होती. अशी ती कधी जमतात? पाटील म्हणतात, त्या साली कर झाली नाही. मग सिद्धाप्पानं हलगी कुणाची ऐकली? हा हिंगूळ डागाच्या खाचेत कसा? वरचा पुसलात, खाचेतला राहिला. म्हाळसाबाई, होळगीत काय होतं?"

"अफू." तिनं मान वर केली नाही. "मान जाऊ दिऊ कसा? आमच्या मालकामागं पयलंच वरीस हुतं. बैल धडधाकट दिसत हुता, डाक्टर. वाटलं, देवाच्या कामाला घडीभर न्हेला तर कारंटी मोडत न्हाय. लगीच परत बांदला."

"हिनंच केलं!" कुणीतरी ओरडलं.

म्हाळसाबाई ताडकन उठली. "व्हय, म्याच केलं. आन हलगी कुनी वाजवली रं? गुलाल कुनी उधळला? पाटील, कर तुमीच बांदली न्हवं? बैल कारंटीतला हाय, ह्ये कुनाला ठावं नव्हतं?"

चावडीत कोण कुणाकडे बघेना.

"चोर शोधायला आलो होतो," डॉक्टर म्हणाले. "वेशीत आख्खं गाव उभं होतं. पंचनाम्याच्या वेळी तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं आणि एकानंही तोंड उघडलं नाही. दर सणाला होळगी मात्र धाडलीत."

सिद्धाप्पा हळू बोलला. "म्हंजे मी झोपलो न्हवतो?"

"तुम्हाला झोपवलं होतं."

तो म्हाळसाबाईकडं वळला. "अक्का, यवडंच सांगायचं हुतं की. एकदा."

म्हाळसाबाई खाली बसली.

"इतिहासात काय लिहू, सिद्धाप्पा?" डॉक्टरांनी विचारलं.

"काय झालं त्ये लिवा." त्यानं खांद्यावरचं घोंगडं झटकलं, चावडीच्या मधोमध अंथरलं आणि भर उन्हाच्या वेळी, सगळ्यांदेखत, पाठ टेकली. बघता बघता घोरायला लागला.

उठून जायचा धीर कुणाला झाला नाही. पाटील डोक्यावरचा पटका काढून त्याच्या तोंडावरच्या माशा वारत बसले. त्या दुपारी आख्खं गाव जागं होतं.