अडकलेलं हवेचं दार

अ‍ॅक्सिलरेटर हलकेच दाबला तर व्हॅन जागची हलत नव्हती. जरा जोर लावला की एकदम उसळी घेत होती. आणि पाय काढला की इंजिन धापा टाकत बंद पडत होतं.

"अशी गाडी घाटात नेली तर पहिल्याच वळणावर दरीत जाईल," रेवाची आई सुरमी खाली उतरत म्हणाली. ती कोलवणच्या आरोग्यकेंद्रात परिचारिका होती.

सन २०६३ चा तो श्रावण. सातपुड्यात दरड कोसळून विजेचे खांब पडले होते, त्यामुळे केंद्राच्या दोन्ही विजेच्या गाड्या चार्जिंगवाचून उभ्या होत्या. उरली होती ही पन्नास वर्षांची म्हातारी व्हॅन, मोहाच्या फुलांपासून काढलेल्या इंधनावर चालणारी. वर आमलीपाड्यात गोवर पसरत होता. तिथल्या एकोणीस मुलांची लस बर्फपेटीत होती आणि ती संध्याकाळपर्यंतच टिकणार होती. आता सकाळचे नऊ वाजले होते.

केंद्राचा मदतनीस रोबो बिंदू म्हणाला, "मला फक्त विजेच्या गाड्या दुरुस्त करता येतात. या गाडीचे सुटे भाग आता कुठेच बनत नाहीत."

"मग आहे तोच भाग नीट करू," ओट्यावरून आवाज आला. रेवाचे आजोबा, दामजी पाडवी, इंजिनांवर संशोधन करण्यात तीस वर्षं घालवलेले शास्त्रज्ञ. पण परवाच त्यांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली होती आणि दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. "रेवा, माझे डोळे आज तू. दिसेल ते सांगायचं, अंदाज सांगायचा नाही."

रेवा बारा वर्षांची होती. तिने बाह्या वर सारल्या.

"आधी सांग, अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनात काय जास्त जातं?"

"इंधन."

"सगळ्यांना तसंच वाटतं. या गाडीत पाय हवेचं दार उघडतो. त्या दाराच्या घराला थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) म्हणतात. किती हवा आत गेली ते गाडीचा संगणक मोजतो आणि त्या मापात इंधन सोडतो. आता दोष पायापासून दारापर्यंतच्या केबलमध्ये आहे की दारातच, ते कसं ओळखशील?"

रेवाने बॉनेट उघडून केबल पाहिली. मग म्हणाली, "केबल सोडवून दार हातानेच फिरवून बघते."

"बघ. पण आधी बॅटरीची ऋण तार काढ. आणि इंजिन थंड आहे ना, हात लावून पाहा."

इंजिन फार वेळ चाललंच नव्हतं, थंड होतं. तिने तार काढली. हवेच्या जाड नळीचा पट्टा सैल करून नळी बाजूला केली. केबलचं टोक खाचेतून सोडवलं आणि दाराची तरफ बोटाने ढकलली. ती हलेना. आणखी जोर लावला, तशी ती खट्कन सुटली.

"केबल नसतानाही अडकतंय. म्हणजे दोष दारातच आहे."

"आता खात्री झाली," आजोबा म्हणाले. "उतरव."

चार बोल्ट होते. तीन निघाले, चौथा गंजला होता. रेवाने गंज सोडवणारं तेल टाकलं, दहा मिनिटं थांबली आणि पुन्हा पाना लावला. हात सटकून बोटाची साल निघाली. सुरमी पुढे झाली, पण रेवाने मान हलवली, बोटाला चिंधी गुंडाळली आणि पाना पुन्हा धरला. तिसऱ्या खेपेला बोल्ट कुरकुरत फिरला.

भाग हातात आला. बिंदूने उजेड धरला. पितळी रंगाची गोल तबकडी एका दांड्यावर फिरत होती. तिच्या कडेला आणि नळीच्या आतल्या भिंतीला काळा चिकट थर बसला होता.

"तबकडी बंद असताना कडेने बारीक फट दिसते का?"

"नाही. काळ्या थराने बुजली आहे."

"पाय काढलेला असताना इंजिन त्याच फटीतून श्वास घेतं."

रेवाचे हात थांबले. "म्हणून पाय काढला की बंद पडत होतं! आणि कड चिकटल्यामुळे दार आधी हलत नव्हतं, मग एकदम उघडून गाडी उसळत होती. दोन्ही तक्रारींचं कारण एकच."

तिने चष्मा आणि हातमोजे घातले, उघड्या अंगणात बसून कापडावर साफ करायचा फवारा घेतला आणि थर पुसू लागली. खरवडायचं नाही, आजोबांनी बजावलं होतं. ओरखडा पडला की नको तिथून हवा जाते. कडेचा छोटा स्क्रूही हलवायचा नाही, तो फटीचं माप ठरवतो. पाऊण तास मऊ ब्रश फिरत राहिला.

पण तरफ ढकलून सोडली, तेव्हा दार जेमतेम अर्धं परत आलं.

"मिटताना रेंगाळतंय," ती म्हणाली. घाटात पाय काढल्यावरही गाडी धावतच राहिली असती. "कड तर स्वच्छ आहे. मग दांड्याशी चिकटलं असेल. नाही, थांबा, अंदाज नको." तिने भिंग लावलं. "दांडा नळीत शिरतो तिथे काळं कडं आहे."

तिने ब्रशच्या टोकाने तेवढंच पुसून काढलं. तरफ ढकलली, सोडली. दार टक् करून मिटलं. मोजून वीस वेळा ते तसंच मिटेपर्यंत ती थांबली नाही.

काढताना जुनं गॅस्केट (दोन भागांमध्ये हवा अडवणारा पातळ कागद) फाटलं होतं. तिने जाड गॅस्केट-कागदावर आकार काढून नवं कापलं. बोल्ट समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळले, म्हणजे सगळीकडे दाब सारखा बसतो. केबल, नळी, शेवटी बॅटरीची तार जोडली.

सुरमीने किल्ली फिरवली. इंजिन आधी थोडं अडखळलं.

"राहू दे तसंच," आजोबा म्हणाले. "संगणक हवेचं नवं माप शिकतोय."

काही मिनिटांत आवाज एकसारखा झाला. सुरमीने मैदानात दोन फेऱ्या मारल्या, पाय ठेवून, पाय काढून. मग बर्फपेटी आत ठेवली. "बसा," ती म्हणाली.

दुपारी अडीच वाजता आमलीपाड्यात पहिल्या मुलाला लस मिळाली. सावलीत टेकलेल्या आजोबांना रेवाने विचारलं, "तो काळा थर येतो कुठून?"

"इंजिनातली तेलकट वाफ बाहेर सोडली तर हवा बिघडते, म्हणून ती परत हवेच्या नळीत सोडतात. हळूहळू ती दारावर बसते."

"मग वाफेच्या वाटेत एखादी थंड बाटली बसवली, तर तेल तिच्यातच उतरेल का?"

"उतरेल. पण मोहाच्या इंधनावर किती उतरतं, ते अजून कोणी मोजलेलं नाही."

रेवाने कागद मागितला आणि त्यावर तीन रकाने आखले: तारीख, किलोमीटर, तेल.