कूलरची हमी

मुलगा फाटकापाशी उभा राहून क्वार्टरचा नंबर पुन्हा पुन्हा वाचत होता, तेव्हा संघमित्राचे बाबा कूलरच्या टाकीत बादलीने पाणी ओतत होते. एप्रिल तापायला लागला होता. कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरातल्या गल्लीत दुपारी चिटपाखरू नव्हतं.

"कूलर पाहायले आलो," मुलगा म्हणाला. नाव प्रफुल, गाव राजनांदगाव, जुनवानीच्या कॉलेजात इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कूलरचा फोटो संघमित्रानेच टाकला होता. ती त्याच कॉलेजात, एक वर्ष मागे. पण दोघांची गाठ कधी पडली नव्हती.

पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये उभा जन्म काढलेल्या बाबांनी, कवडूजींनी, त्याला घाई करू दिली नाही. आधी खुर्ची दिली, मग चहा, मग कूलर सुरू करून त्याला बरोबर समोर बसवलं. ओल्या वाळ्याचा वास पसरला. पाण्याचे बारीक थेंब त्याच्या चष्म्यावर उडाले आणि त्याने चष्मा काढला. संघमित्राने पाहिलं... आणि पाहिलंच नाही असं दाखवत कपबशा उचलल्या.

"काका, गॅरंटी काय?"

"बिघडला तं घेऊन ये. मी आहो."

प्रफुल कूलर घेऊन गेला. नेहमीसारख्या दिवसांतला तो शेवटचा. दुसऱ्या दिवशी पहाटे कवडूजींच्या छातीत कळ आली, आणि ऊन अंगणात यायच्या आत ते गेले.

जलदानविधी झाला. माणसं आली, बसली, उठून गेली. 'बाबा गेले' हे आई बोलली, शेजारी बोलले, फोनवर मामा बोलला. संघमित्राच्या तोंडून मात्र ते शब्द निघेनात. कोणी विचारलं की ती पाण्याचा तांब्या आणायला आत जायची.

मे महिन्यात एका ऑटोतून कूलर उतरला, आणि मागोमाग प्रफुल. पंप बंद पडला होता.

"काका कुठे आहेत?"

"ड्यूटीवर," ती म्हणाली.

शब्द आपसूक आला, वर्षानुवर्षं येत होता तसा. मग बाबांचा शब्द पाळायचा म्हणून व्हरांड्यात बसून तिने स्वतःच पंप खोलला, गाळ काढला. तो शेजारी तळहातावर स्क्रू धरून बसला. एकेक स्क्रू उचलताना तिची बोटं त्याच्या तळव्याला लागत होती, आणि तो हात जरासुद्धा हलवत नव्हता—स्क्रू सांडतील म्हणून, असं त्याने नंतर सांगितलं.

त्यानंतर त्या कूलरला वारंवार काहीबाही होऊ लागलं. "काका आज कोणत्या शिफ्टले?" फाटकातूनच तो हळू आवाजात विचारायचा, सासुरवाडीला आल्यासारखा. "सेकंड," ती म्हणायची. "मग बसतो थोडा." तिला हसू यायचं. घरात तेवढंच हसू होतं तेव्हा.

ॲपची कल्पना त्याच व्हरांड्यात निघाली. ग्रुपवर टाकलेल्या वस्तू सुप्रभातच्या फुलांखाली गाडल्या जात. दर वर्षी मे महिन्यात पास होणारी मुलं कूलर, खाटा, ड्रॉइंगचे ड्राफ्टर तिथंच टाकून जात, आणि भय्याजी कबाडीवाला ते कवडीमोलाने उचलून नेई. जुलैत नवी मुलं तीच खाट बाजारातून नवी घेत. "हे मले सहन नाही होऊन राहिलं," संघमित्रा म्हणाली आणि लॅपटॉप उघडला.

नाव ठेवलं 'हातोहात'. कोड तिचा, हॉस्टेलच्या खोल्याखोल्यांतून हिंडणं त्याचं. तपासणीसाठी काहीतरी टाक म्हटल्यावर त्याने स्वतःचाच फोटो टाकला: मुलगा, राजनांदगावचा, चालू स्थितीत, किरकोळ ओरखडे. तिने शेरा मारून परत पाठवला—फोटो अस्पष्ट, नाकारलं. त्याने पुन्हा टाकला. तिने पुन्हा नाकारला... पण फोटो पुसला नाही.

पण हातोहात चालेना. मुलं वस्तू पाहत, विकत घेत नसत. जुनी वस्तू अनोळखी माणसाकडून घ्यायची, उद्या बिघडली तर कोणाला धरायचं? कंटाळून ती ते बंद करणार होती. त्या संध्याकाळी प्रफुलने पुन्हा दुरुस्तीला आणलेल्या कूलरच्या टाकीत पाणी ओतताना बाबांचं वाक्य तिला ऐकू आल्यासारखं झालं, आणि तिने किमतीखाली एक नवं बटण बसवलं: मी आहे. विकणाऱ्याने ते दाबलं की वस्तू बिघडल्यावर त्याने ती सुधारून द्यायची किंवा परत घ्यायची. जो गाव सोडून चाललाय, त्याने मागे राहणाऱ्या कोणाचं तरी नाव द्यायचं, त्या माणसाच्या होकारासह.

हिवाळा संपता संपता हातोहात एका हॉस्टेलवरून तीन हॉस्टेलांत पसरलं. आणि मे आला तेव्हा जिन्यांवरून खाटा, टेबलं, सायकली अशा उतरत होत्या जशी वरात निघालीय. ज्युनियर सिनियरांच्या नावापुढे छाती काढून आपलं नाव टाकत होते. एका दुपारी स्मृति नगरच्या मुलींच्या हॉस्टेलपुढे भय्याजींची गाडी रिकामीच उभी राहिली. "बिटिया, मेरा तो सीजन खा गई तू," म्हणत त्यांनी संघमित्राकडूनच उसाचा रस वसूल केला. ती मनापासून हसली, आणि हसता हसताच, हे सांगायला घरी बाबा नाहीत हे आठवून रसाचे पैसे मोजायला लागली.

त्याच संध्याकाळी एक नोंद अडकलेली दिसली. कूलर, वाळ्याच्या ताट्यांसह. विकणारा प्रफुल. हमीची जागा कोरी.

त्याला पुण्यात नोकरी लागली होती, हे तिला ठाऊक होतं. तरी ती स्कूटर काढून तडक हॉस्टेलवर गेली. रिकाम्या पोर्चमध्ये तो चालू कूलरसमोर बसला होता, चष्मा हातात.

"विकून राहिला कावून?"

"विकत नाही. जागा कोरी ठेवली तं तू येशील म्हटलं." आज त्याने शिफ्ट विचारली नाही. "मी चाललो. मागं कोणाचं नाव टाकू?"

कूलरचे थेंब तिच्या चेहऱ्यावर येत होते. ती ते पुसत नव्हती.

"बाबा ड्यूटीवर नाहीत," ती म्हणाली.

"मले माहीत आहे. आईंनी दुसऱ्याच खेपेला फाटकाशी सांगितलं. म्हणाल्या, तिले सांगू दे."

"मग वर्षभर विचारत कावून होता?"

"तू 'सेकंड' म्हणत होती ना... तेव्हा तुझा चेहरा असा व्हायचा की ते खरंच आता येतील." त्याने चष्मा चढवला. "मलेही वाटायचं, यावे."

तिने त्याच्या हातातून फोन घेतला, कोऱ्या जागेत स्वतःचं नाव लिहिलं, मग सगळी नोंदच पुसून टाकली.

"बाबा गेले, प्रफुल. तू कूलर नेला त्याच्या दुसऱ्या दिवशी. माहे बाबा गेले, आणि मी कोणालेच सांगितलं नाही." तिने एक मोठा श्वास घेतला, वाळ्याच्या वासाचा. "कूलर आमच्या घरी राहील. तू पुण्याले जा, आणि सुट्टीत घरी ये, फाटकात उभा नको राहू, आत ये. मले तू आवडतोस. हेही कोणाले सांगितलं नव्हतं."